मचाणावरून सोडलेला बाण हरणाच्या पाठीवरून का जातो?

प्रश्न थोडक्यात असा. मिशिगनमध्ये राहणारे एक गृहस्थ कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या आधुनिक धनुष्याने, व्हाइटटेल हरणांची शिकार करतात. क्लबच्या मैदानात २० यार्डांवर त्यांचे बाण तळहाताएवढ्या जागेत बसतात. झाडाला बांधलेल्या २० फूट उंचीच्या मचाणावरून मात्र बाण हरणाच्या पाठीवरून निघून जातो, किंवा लागला तरी फार वर लागतो. वरून मारताना पिन (धनुष्यावरच्या साइटमधली नेम धरायची खूण) किती खाली धरायची आणि कोन मोजणारा महागडा रेंजफाइंडर (अंतर मोजायचे यंत्र) घ्यावा का, असे ते विचारतात. त्यांचा भाचा साताऱ्यात कंपाउंड शिकतो आहे, त्याला यातले काही उपयोगी पडेल का, हेही त्यांना हवे आहे.

पिन आहे तिथेच राहू द्या आणि रेंजफाइंडरचे पैसे निदान या हंगामात खिशात ठेवा. २० फुटांवरून, व्हाइटटेल ज्या अंतरावर मारतात त्या अंतरावर, नुसत्या कोनामुळे बाणात पडणारा फरक पाऊण इंचही नसतो. पाठीवरून बाण जायला सहा-आठ इंच चुकावे लागते. ते इंच तीन ठिकाणांहून येतात: तुमच्या कमरेतून, तुमच्या पीपमधून (दोरीत बसवलेले, डोळा लावून पाहायचे भोक), आणि हरणाच्या अंगावर तुम्ही नेम कुठे धरता त्यातून.

आधी हिशेब करू, कारण तो स्वतः केल्याशिवाय पिन खाली धरायचा मोह सुटत नाही. मचाणाची फळी २० फुटांवर, तुमचा डोळा त्याच्या वर पाचेक फूट, आणि हरणाची छाती जमिनीपासून अडीच फूट. म्हणजे डोळा आणि छाती यांच्या उंचीत साडेबावीस फुटांचे अंतर झाले. हरीण बुंध्यापासून २० यार्डांवर, म्हणजे ६० फुटांवर उभे आहे. डोळ्यापासून छातीपर्यंतचे तिरके अंतर निघते ६४ फूट, म्हणजे २१.४ यार्ड. २० आणि २१.४, एवढाच तो गाजलेला फरक.

आता बाण. तुमचे धनुष्य सेकंदाला २७५ फुटांच्या आसपास बाण फेकत असेल असे धरतो. आजकालच्या कंपाउंडला शिकारीचा जड बाण लावला की साधारण तेवढेच येते. ६४ फूट जायला त्याला पाव सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो आणि तेवढ्यात तो साडेदहा इंच पडतो. गुरुत्वाकर्षण सरळ खाली ओढते. बाणच खालच्या दिशेने निघालेला असला की त्या ओढीचा काही भाग त्याच्या वाटेतच मिसळतो आणि नेमाच्या रेषेपासून त्याला बाजूला काढणारा भाग तितका कमी उरतो. इथे कोन २० अंशांच्या जरा वर आहे, त्यामुळे ओढ सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी होते. साडेदहा इंचांचे साडेसहा टक्के म्हणजे पाऊण इंचाच्या आतच.

हरीण १० यार्डांवर आले तर? कोन ३७ अंश होतो आणि ओढ चक्क वीस टक्क्यांनी घटते. पण तिथवर पोचताना बाण पडतो जेमतेम साडेतीन इंच. त्याचे वीस टक्के पुन्हा तेवढेच. ३० यार्डांना बाण २२ इंच पडतो, पण कोन इतका उतरलेला असतो की घट तीन टक्क्यांवर येते, आणि उत्तर पुन्हा तेच. लांब गेले की कोन उतरतो, जवळ आले की बाणाला पडायला वेळ मिळत नाही, आणि दोन्ही एकमेकांना कापतात. म्हणून कोनाचा हा फरक हरणाच्या अंतरावर जवळजवळ अवलंबून राहतच नाही. तो ठरतो मचाणाची उंची आणि बाणाचा वेग यांवर. उंची ३० फूट केलीत तर तो सव्वा-दीड इंचावर जातो. २० फुटांवरच पण सेकंदाला १७० फूट फेकणारा लाँगबो (साधे लांब धनुष्य) घेतलात तर पावणेदोन इंचांवर. तुमच्या बाबतीत मात्र तो विसरण्याइतका लहान आहे.

यात आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. पीपमधून जाणारी नजरेची रेषा बाणाच्या चार-पाच इंच वरून जाते, त्यामुळे २० यार्डांना जमवलेली पिन जवळच्या अंतरावरही फारशी फसवत नाही. पाच इंच धरून हिशेब केला तर २० फुटांच्या मचाणावरून, अगदी बुंध्यापासून २० यार्डांपर्यंत, त्या एका पिनने सोडलेला बाण खुणेच्या वर इंचभरापेक्षा फारसा जात नाही. २५ यार्डांना तो दीड इंच खाली बसतो. हरणाची फुप्फुसे बाजूने दिसणारी जागा म्हणून आठ इंचांची तरी असतात. एक पिन, एक नेम. समोर हरीण असताना पिनांमध्ये निवड करत बसायची वेळ येऊ नये हे मला अचूकतेपेक्षाही महत्त्वाचे वाटते; चुकीची पिन धरून गेलेले बाण मी कोनामुळे गेलेल्या बाणांपेक्षा कितीतरी जास्त पाहिले आहेत.

तुमचा जुना, कोन न कळणारा रेंजफाइंडरही पुरेसा आहे. मचाणावर बसल्यावर आजूबाजूच्या झाडांच्या मुळांवर तो रोखू नका. स्वतःच्या डोळ्याच्या उंचीवर समोरच्या झाडाचा जो बुंधा येतो, तिथे रोखा. मिळणारा आकडा आपोआप आडवा असतो. चार-पाच झाडांची अंतरे अशी मोजून मनात ठेवली की हरीण आल्यावर यंत्र हातात घ्यावे लागत नाही, आणि तेवढी एक हालचाल वाचते.

आता कमर. मैदानात तुम्ही उभे राहता तेव्हा दोन्ही खांदे आणि धनुष्य धरलेला हात एका रेषेत असतात, धड त्या रेषेला काटकोनात, डोके सरळ. दोरी नाकाच्या शेंड्याला, अंगठा किंवा रिलीज (दोरी सोडायचा खटका) जबड्याच्या ठरलेल्या हाडाला. हे सगळे मिळून तुमचा अँकर. मचाणावर हरीण खाली दिसते आणि शरीर सर्वांत सोपी गोष्ट करते: धड तसेच सरळ ठेवून फक्त पुढचा हात खाली करते. त्याबरोबर खांद्यांची रेषा मोडते, खेच अर्धा-पाऊण इंच आखूड होते, दोरी नाकापासून सुटते आणि डोके उंच राहते. मग डोळा पीपच्या मधून न पाहता वरच्या कडेतून पाहू लागतो. दिवस मावळताना पीपची कड धूसर असते, त्यामुळे हे जाणवतही नाही.

त्याचा परिणाम किती होतो? पीप आणि पिन यांच्यात ३२ इंच अंतर धरा. डोळा पीपमध्ये इंचाचा सोळावा भाग वर सरकला तर २० यार्डांवर बाण जवळजवळ दीड इंच वर जातो. आठवा भाग सरकला तर जवळजवळ तीन इंच. इंचाचा आठवा भाग म्हणजे तीन मिलिमीटर. थंडीत गळ्यापर्यंत चढवलेल्या कॉलरमुळेसुद्धा डोके तेवढे उचलले जाते. ज्या कोनाला सगळे दोष देतात त्याच्या चौपट चूक इथे होते, आणि तीही वरच्या दिशेनेच, त्यामुळे दोष कोनाच्या नावावर जमा होतो.

उपाय जुनाच आहे. आधी सरळ समोर, क्षितिजाकडे रोखून खेचा. अँकर बसू द्या, दोरी नाकाला लागू द्या, पीपचे वर्तुळ आणि साइटच्या कड्याचे वर्तुळ एकात एक बसवा. मग कमरेतून वाका. खांदे, हात, मान यांतले काहीही वेगळे हलवायचे नाही. नितंब थोडे मागे जातात, पुढच्या पायावर किंचित भार येतो आणि वरचे सगळे धड बिजागरीवर फिरणाऱ्या दारासारखे एकसंध खाली झुकते. हरीण अगदी जवळ, कोन तीव्र असेल तर पुढचा गुडघाही थोडा वाकवा. पहिल्यांदा हे बेंगरूळ वाटते, आपण तोल जाऊन पडू असेही वाटते. म्हणून सुरक्षेचा पट्टा अंगावर असल्याशिवाय सरावही करू नका. त्याबद्दल पुढे लिहितो.

व्यवहारात एक अडचण येते. क्षितिजाकडे रोखून खेचणे म्हणजे जास्त हालचाल, आणि हरीण १२ यार्डांवर असताना ती परवडत नाही. म्हणून खेचायची वेळ निवडावी लागते: त्याचे डोके झाडामागे गेले, ते खाली ओकची फळे खाऊ लागले, किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला नर मादीच्या मागे नाक जमिनीला लावून निघाला, की खेचा. तरीही धनुष्य डोक्यावर नेऊन खेचावे लागत असेल तर तुमच्या धनुष्याचे खेचायचे वजन तुमच्या ताकदीपेक्षा जास्त आहे. तपासणी सोपी आहे. खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला, धनुष्य लक्ष्याकडे सरळ धरा आणि ते वर न नेता खेचा. जमले नाही तर पाच पौंड कमी करा. मिशिगनच्या थंडीत तीन तास न हलता बसल्यावर स्नायू क्लबात होते तसे राहत नाहीत. ७० पौंडांचा अभिमान आणि ५५ पौंडांचा शांत अँकर यांत मी कोणत्या बाजूला आहे हे सांगायला नको. धारदार ब्रॉडहेड (शिकारीचे रुंद पाते) लावलेला बाण ५५ पौंडांनी, नीट जागी बसला तर, व्हाइटटेलच्या छातीतून आरपार जातो.

धनुष्य कलते त्याचाही विचार करा. वाकून, झाडाला वळसा घेऊन मारताना धनुष्य सात-आठ अंश एका बाजूला कधी झुकले ते कळत नाही, आणि त्याने २० यार्डांवर बाण सव्वा इंचाच्या आसपास डावी-उजवीकडे जातो. साइटमधला पाण्याचा बुडबुडा यासाठीच असतो. वाकून झाल्यावर, सोडण्याआधी, त्याच्याकडे एकदा नजर जायला हवी. काही जण इथे साइटच्या तिसऱ्या अक्षाची मोठी चर्चा करतात. हा अक्ष बिघडलेला असेल तर सपाटीवर बरोबर दिसणारा बुडबुडा खाली रोखल्यावर खोटे सांगतो, हे खरे. ओळंबा टांगा, धनुष्य त्याला समांतर धरा, मग तसेच खाली झुकवा आणि बुडबुडा मध्येच राहतो का ते पाहा; दुकानदारही पाच मिनिटांत करून देतो. पण व्हाइटटेलच्या अंतरावर तिसऱ्या अक्षाची चूक अर्ध्या इंचाच्या आतच राहते. रॉकी पर्वतात एल्क या मोठ्या हरणाला ५० यार्डांवरून मारणाऱ्यांनी त्यासाठी झोप घालवावी, तुम्ही नको.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: हरणाच्या अंगावर नेम कुठे.

जमिनीवरून आडव्या उभ्या हरणाकडे पाहिले की त्याची बगल, म्हणजे अंगाची एक बाजू, दिसते. वरून पाहिले की बगलेचा वरचा भाग आणि पाठ दिसते. डोळा सवयीने दिसणाऱ्या तपकिरी रंगाचा मध्य शोधतो, आणि वरून तो मध्य पाठीच्या कण्याकडे सरकलेला असतो. त्यात पीपमुळे तीन इंच वर गेले की बाण पाठीवरून गेलाच. म्हणजे तुमच्या प्रश्नातली चूक दोन चुकांची बेरीज आहे, आणि दोन्ही एकाच दिशेने होतात.

नेम आत जाण्याच्या जागेवर न ठरवता बाहेर पडण्याच्या जागेवर ठरवा. हरीण म्हणजे छातीचा पिंजरा, फूटभर रुंद. त्याच्या मध्ये दोन फुप्फुसे आणि खाली, पुढच्या पायांच्या मध्ये, हृदय. बाण पलीकडच्या बगलेतून कुठे बाहेर पडला पाहिजे? पलीकडच्या पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. ती जागा मनात धरा आणि तिथून तुमच्यापर्यंत सरळ रेघ ओढा. रेघ अलीकडच्या बगलेला जिथे छेदते तिथे पिन.

ही जागा अंतराप्रमाणे बदलते, आणि पिनेपेक्षा हीच समजून घ्यायला हवी. २० यार्डांवर फूटभर छाती ओलांडताना बाण साडेचार इंच खाली उतरतो. म्हणजे बगलेच्या साधारण मध्यावर आत, खालच्या तिसऱ्या भागात बाहेर. दोन्ही फुप्फुसे मिळतात. १० यार्डांवर तेवढ्याच रुंदीत तो नऊ इंच उतरतो; आता वरच्या तिसऱ्या भागातून आत शिरावे लागते आणि चुकीला जागा फार कमी उरते. पाच यार्डांवर छाती ओलांडायची म्हटली तर दीड फूट उतरावे लागेल, आणि छाती तेवढी खोलच नसते. मग बाण एका फुप्फुसातून जाऊन पोटाकडच्या बाजूने निघतो, किंवा कण्यात रुततो. एका फुप्फुसावर व्हाइटटेल मैलभर जाऊ शकते आणि सापडतही नाही. म्हणून बुंध्याखाली आलेल्या हरणाला मी मारत नाही. ते दहा-बारा पावले पुढे गेले, पाठमोरे तिरके झाले, की बाण मागून पुढे, दोन्ही फुप्फुसांतून पलीकडच्या खांद्याकडे जातो. मचाणावरून मिळणारा हा सर्वांत चांगला क्षण, आणि तेव्हा हरणाची नजरही तुमच्याकडे नसते. समोरून येणाऱ्या हरणाला वरून मारू नका, कितीही जवळ असले तरी.

बाहेर पडण्याच्या जागेचा दुसरा फायदा माग काढताना कळतो. वरून आत गेलेल्या बाणाची आतली जखम उंचावर असते. बाण बाहेर पडलाच नाही तर रक्त छातीच्या पिंजऱ्यात साठत राहते आणि पानांवर थेंबही दिसत नाही. खाली बाहेर पडलेल्या जखमेतून ते लगेच वाहते. दोन्ही फुप्फुसे लागली अशी खात्री असली तरी अर्धा तास खाली उतरू नका. यकृत लागल्याचा संशय असेल, रक्त गडद असेल, तर चार-पाच तास. पोट लागले असेल, बाणाला हिरवट घाण आणि वास असेल, तर आठ तासांच्या आत मागे लागू नका. घाई केली की ते उठून पुढे जाते.

पाठीवरून बाण जाण्याचे आणखी एक कारण हरणाच्या बाजूचे आहे. ध्वनी सेकंदाला ११०० फुटांहून जास्त वेगाने जातो, तुमचा बाण २७५. २० यार्डांवर दोरीचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी पोचतो. पळायच्या तयारीत हरीण पाय दुमडून आधी खाली बसते, आणि बाण येतो तेव्हा छाती जिथे होती तिथे पाठ असते किंवा नुसती हवा. आरामात चरणाऱ्या हरणाच्या बाबतीत हे १५ यार्डांच्या आत फारसे घडत नाही. कान टवकारलेल्या, मान उंचावलेल्या हरणाला २५-३० यार्डांवरून मारणे म्हणजे नशिबाशी जुगार. तशा वेळी काही जण मुद्दाम खूप खाली नेम धरतात. मी खालच्या तिसऱ्या भागापेक्षा खाली जात नाही. तेवढ्यात ते न हलले तर हृदय लागते, थोडे बसले तर फुप्फुसे. त्याहून खाली धरले आणि ते हललेच नाही तर पाय मोडतो, आणि जखमी हरीण हातून जाते. चालत्या हरणाला थांबवायला तोंडाने 'मॅ' असा आवाज काढायची पद्धत आहे. ते थांबते खरे, पण सावध होऊन थांबते. चाल संथ असेल तर ते स्वतःहून थांबेपर्यंत वाट पाहा.

या सगळ्यावरून मचाण कुठे बांधायचे तेही ठरते, आणि नेमाचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. उंची १६ ते २० फूट पुरे. २५-३० फुटांवर चढणारे लोक वास आणि नजर चुकवण्यासाठी चढतात, पण त्या उंचीवरून जवळच्या हरणाची छाती अरुंद पट्टी होऊन जाते. हरणाच्या वाटेच्या डोक्यावर न बांधता वाटेपासून १५ ते १८ यार्ड बाजूला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बांधा. उजव्या हाताने मारत असाल तर वाट डाव्या हाताला येईल असे बसा. बसल्या जागी डावीकडे वळून खेचता येते, उजवीकडे जवळजवळ येतच नाही. बसून मारायची सवय असेल तर खालचा लिम्ब (धनुष्याचे वाकणारे पाते) मांडीला, कठड्याला किंवा पायऱ्यांना लागत नाही ना, हे बाण न लावता खेचून पाहा. मात्र दोरी बाणाशिवाय सोडू नका. कंपाउंडचे लिम्ब त्याने तडकतात.

सराव कसा? क्लबातल्या फोमच्या हरणावर दहा गुणांचे जे वर्तुळ कोरलेले असते ते जमिनीवरून आडवे मारणाऱ्यासाठी असते. वरून त्या वर्तुळाच्या मध्यावर मारलेला बाण गुण मिळवून देतो आणि बऱ्याचदा छातीच्या तळातून, फार खाली निघतो. त्यामुळे वरून सराव करताना वर्तुळ विसरा. बाण मारल्यावर खाली उतरून, रुतलेल्या बाणाच्या मागे उभे राहून त्याच्या दिशेने पाहा: हीच रेघ पुढे नेली तर ती पलीकडे कुठे निघते? दहा बाण असे तपासले की डोळा आपोआप पलीकडची बगल पाहू लागतो. सराव त्याच जॅकेटमध्ये, त्याच हातमोज्यांत, मचाणाच्या उंचीवरून करा. १ ऑक्टोबरला मिशिगनमध्ये धनुष्याचा हंगाम उघडतो तेव्हा टी-शर्टवर जमते. १४ नोव्हेंबरपर्यंत, बंदुकीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, तुम्ही तीन थर घालून बसलेले असता आणि दोरी बाहीला घासते. बाहीवर घट्ट आवरण चढवा. रोज पन्नास बाण मारण्यापेक्षा चढून, वाट पाहून, थंड स्नायूंनी मारलेला दिवसाचा पहिला बाण काय सांगतो ते ऐका. शिकारीत तोच एक मिळतो.

आता पट्टा. पूर्ण अंगाचा हार्नेस, आणि जमिनीपासून वरपर्यंत दोरखंड, ज्यावर गाठ सरकवत चढता येते. माणसे बहुधा बसलेली असताना पडत नाहीत. शिडीवरून फळीवर पाय टाकताना आणि परत उतरताना पडतात, म्हणून जमीन सोडल्यापासून जमिनीला पाय लागेपर्यंत अडकलेले राहा. झाडाला बांधलेला पट्टा बसल्यावर डोक्याच्या वर असावा आणि त्यात ढिलाई जवळजवळ नसावी. ढिला पट्टा तुम्हाला फळीच्या खाली लोंबकळत ठेवतो, आणि तसे लटकून राहिले की पायांतला रक्तप्रवाह अडतो, ते जिवावर बेतू शकते. नेमाच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा आहे: पट्टा ताणून त्याच्या आधाराने पुढे झुकता आले तर कमरेतून वाकायला भीती वाटत नाही. पट्टा नसलेला माणूस वाकत नाही, नुसता हात खाली करतो. धनुष्य हातात घेऊन चढू नका. वर बसल्यावर दोरीने ओढून घ्या, बाण तरकसात झाकलेले, धनुष्यावर चढवलेला एकही नाही. तुमचा जन्म १ जानेवारी १९६० चा किंवा त्यानंतरचा असेल तर मिशिगनमध्ये नेहमीच्या परवान्यासाठी हंटर सेफ्टीचे प्रमाणपत्र लागते. तो अभ्यासक्रम केला असलात तरी मचाणाचा भाग पुन्हा वाचा.

भाच्याबद्दल. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा विषयच निघत नाही. आपल्याकडे मचाणावर लोक बसतात ते शेत राखायला, किंवा बुद्ध पौर्णिमेच्या रात्री ताडोबा-मेळघाटात पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजायला. पण तो कंपाउंड शिकतो आहे आणि तेही साताऱ्यात, म्हणजे २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेती झालेल्या अदिती स्वामीच्या गावात. ती स्पर्धा सपाट मैदानावर, ५० मीटरची. त्याला कधी फील्ड आर्चरीची गोडी लागली तर डोंगरउतारावरून वर-खाली मारावे लागेल, आणि अंतरे ६० मीटरपर्यंत जातील. कमरेतून वाकण्याचे जे वर लिहिले ते त्याला जसेच्या तसे लागू आहे. कोनाच्या हिशेबाचे मात्र उलट होते. ६० मीटर तिरक्या अंतरावर २० अंश खाली रोखले की डोळा आणि लक्ष्य यांच्या उंचीतला फरक साडेबावीस फुटांवरून सदुसष्ट फुटांवर जातो. सेकंदाला २८० फूट वेगाचा बाण तेवढ्या अंतरात आठेक फूट पडतो आणि त्यातले सहा टक्के म्हणजे साडेपाच-सहा इंच, चौदा-पंधरा सेंटिमीटर. फील्डच्या ८० सेंटिमीटरच्या लक्ष्यावर मधल्या सहा गुणांऐवजी चार. तेव्हा तुम्हाला नको म्हणून सांगितलेला कोनाचा हिशेब त्याने मात्र पाठ करावा: २० अंशांना ६० मीटरऐवजी ५६ ची खूण, ३० अंशांना ५२ ची. स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक रेंजफाइंडर वापरता येत नाही, त्यामुळे उतार डोळ्याने ओळखण्याची सवय त्याने आतापासूनच करावी. अजिंक्यताऱ्याचा चढ त्यासाठी घराजवळ आहेच, धनुष्य न नेताही.